वाचकांचे प्रश्न : चाल, शब्द आणि कॉर्ड

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे चाल बांधण्याविषयी आणि चालीखाली कॉर्ड (एकत्र वाजवलेले तीन-चार सूर) बसवण्याविषयी आहेत. पहिल्या पत्रात वाचकाने स्वतःच्या कवितेच्या दोन ओळी पाठवून नेमकी अडचण मांडली आहे, त्यामुळे त्याच ओळी हाताशी धरून सविस्तर उत्तर देता येते आणि बाकीच्या उत्तरांनाही त्यांचा आधार मिळतो.

प्रश्न (एक वाचक, सांगली) : मी सात वर्षे हार्मोनियम शिकलो असून सध्या नोकरी सांभाळून स्वतःच्या कवितांना चाली लावतो. फोनमधील अ‍ॅपवर केरव्याचा ठेका आणि चार कॉर्डची तयार साखळी (सा, ध, म, प) सुरू करतो आणि तिच्यावर गात गात चाल शोधतो. माझ्या सगळ्या चाली एकमेकींसारख्या होतात. सोबतच्या ओळी यमन रागात बांधायच्या आहेत, पण ‘अंगणात या’ या शब्दांपाशी दर वेळी काहीतरी खटकते. काय चुकते आहे?

उन्हात ओल्या अंगणात या
जुनेच गाणे पुन्हा उमलते

उत्तर : तुमच्या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. तुम्ही चाल शब्दांतून काढत नाही, तर आधीच चालू असलेल्या साखळीत शब्द बसवता. साखळी दर चार मात्रांनी कॉर्ड बदलते, त्यामुळे तुमचा गळाही दर चार मात्रांनी नव्या कॉर्डचा सोयीचा सूर पकडतो, आणि कविता कोणतीही असली तरी वाक्याचा चढउतार तोच राहतो. खटकण्याचे कारण तर त्याहून सोपे आहे. साखळीतील तिसरी कॉर्ड म-ध-सा ही आहे आणि तिच्यात शुद्ध मध्यम आहे. ‘अंगणात’मधील ‘अं’ बरोबर नवव्या मात्रेवर, म्हणजे या तिसऱ्या कॉर्डवर येतो, आणि यमन गाताना तिथे तुमचा गळा तीव्र मध्यमाकडे जातो. दोन्ही मध्यम एकाच क्षणी वाजत असल्यामुळे कानाला टोचते. तुमचा कान बरोबर आहे, याचा आधी आनंद माना.

आता अ‍ॅप बंद करा, पेटीही बाजूला ठेवा आणि ओळ नुसती म्हणून पाहा. ही पादाकुलकाची ओळ आहे, म्हणजे आठ-आठच्या दोन भागांत सोळा मात्रा : उ एक, न्हा दोन, त एक, ओ दोन, ल्या दोन, आणि पुढे अं दोन, ग एक, णा दोन, त एक, या दोन. सोळा मात्रा केरव्याच्या आठ-आठ मात्रांच्या दोन आवर्तनांत अगदी नेमक्या बसतात, म्हणून नवीन चालकार बहुधा पहिले अक्षर समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, टाकून मोकळा होतो. त्यामुळे सम ‘उ’वर पडते. पण बोलताना आपण ‘उ’न्हात असे कधी म्हणत नाही, बोलण्याचा भार ‘न्हा’वर असतो आणि ‘उ’ हा केवळ पाय उचलण्यासारखा असतो. म्हणून ‘उ’ समेच्या आधी, मागील आवर्तनाच्या आठव्या मात्रेवर घ्या आणि ‘न्हा’ समेवर येऊ द्या. मग ‘न्हा’ला पहिली-दुसरी, ‘त’ला तिसरी, ‘ओ’ला चौथी-पाचवी आणि ‘ल्या’ला सहावी, सातवी, आठवी अशा तीन मात्रा मिळतात. ‘ल्या’ एका मात्रेने लांबला की ‘अं’ आपोआप पुढच्या समेवर येतो आणि ‘या’ सातव्या-आठव्या मात्रेवर पोहोचतो. त्यानंतर ‘या’ आणखी सात मात्रा धरून ठेवा. श्वासाला जागा मिळते, वादकाला एखादी छोटी जागा भरता येते आणि आठव्या मात्रेवर ‘जुनेच’चा ‘जु’ उचलता येतो. दुसऱ्या ओळीत तर ‘पुन्हा’चा ‘पु’ही तसाच आठव्या मात्रेवर येऊन ‘न्हा’ समेवर पडतो. तुम्ही कविता लिहिताना ‘उन्हात’, ‘जुनेच’ आणि ‘पुन्हा’ हे एकाच घडणीचे, लघूने सुरू होणारे शब्द योजले आहेत. ते तुमच्या कानाने आपसूक केलेले काम आहे. ती लय कवितेत होतीच, साखळीने ती झाकून टाकली होती.

शब्दांची जागा ठरल्यावर सूर शोधणे बरेच सोपे होते. नमुन्यादाखल एक मांडणी देतो. ती तुमची चाल नव्हे, केवळ विचार कसा करावा हे दाखवण्यापुरती आहे. ‘उ’ला मंद्र (खालच्या सप्तकातील) निषाद, ‘न्हा’ला आणि ‘त’ला ऋषभ, ‘ओल्या’ला गांधार. यमनची ‘नि रे ग’ ही ओळख पहिल्या तीन शब्दखंडांतच झाली. ‘अंगणात’साठी तीव्र मध्यम, धैवत, पंचम आणि पुन्हा तीव्र मध्यम, आणि ‘या’ गांधारावर. दुसऱ्या ओळीत ‘जु’ ऋषभावर, ‘नेच’ गांधार-ऋषभ, ‘गाणे’ गांधार-पंचम, ‘पुन्हा’ तीव्र मध्यमावरून धैवतावर, आणि ‘उमल’ हे निषाद, धैवत, पंचम असे उतरत ‘ते’ पंचमावर थांबून ऋषभाकडे घसरेल. दोन्ही ओळींतील सर्वांत उंच सूर एकदाच, ‘उमलते’च्या ‘उ’वर येतो. ओळीचा अर्थ जिथे उघडतो तिथेच गळा वर जातो. हे शिखर दोन ठिकाणी केले असते तर दोन्ही ठिकाणांचे महत्त्व गेले असते.

या मांडणीत षड्ज कुठेच नाही, हेही तुमच्या लक्षात आले असेल. ते मुद्दाम केले आहे. नवीन चालींमध्ये मला सर्वाधिक आढळणारा दोष हाच की प्रत्येक ओळ सा वर येऊन विसावते, आणि मग पुढची ओळ गायला काही कारणच उरत नाही. मुखडा गांधारावर, ऋषभावर, पंचमावर लोंबकळत ठेवा. षड्ज अंतऱ्याच्या शेवटासाठी राखून ठेवा, आणि तिथून क्रॉसलाइनने, म्हणजे अंतरा मुखड्याला जोडणाऱ्या ओळीने, मुखड्याच्या मंद्र निषादाकडे परत या. भावगीतातील क्रॉसलाइनकडे शिकणारे फारसे लक्ष देत नाहीत, पण श्रोत्याला मुखडा पुन्हा ऐकावासा वाटतो तो तिच्यामुळे. तिच्यावर मुखड्याइतकाच वेळ खर्च करावा असे माझे मत आहे.

आता कॉर्ड. पहिल्या आवर्तनाखाली केवळ सा-ग-प धरा. ‘न्हा’वरचा ऋषभ त्या कॉर्डमध्ये नाही, म्हणून घाबरू नका. समेवर ऋषभ खालच्या गांधार-षड्जाला घासतो आणि ‘ओ’ला गांधारात विरघळतो, आणि त्या घासण्यातच यमनची आर्तता आहे. चालीतील प्रत्येक सूर कॉर्डमध्ये असलाच पाहिजे असे मानणारा विद्यार्थी प्रत्येक अक्षराला कॉर्ड बदलत बसतो आणि गाणे दमते. ‘अंगणात’खाली रे-तीव्र म-ध ही कॉर्ड येऊ शकते, कारण ती यमनच्याच सुरांची आहे. पण इथे एक सापळा आहे. रे-तीव्र म-ध वाजवून तुम्ही लगेच प-नि-रे वाजवली तर कानाला पंचम हाच षड्ज वाटू लागतो, आणि यमन गात असूनही घर बदलते. यावर उपाय असा की डाव्या हाताने खर्जाचा सा सोडायचाच नाही. सा तळाशी टिकवून वर रे-तीव्र म-ध आली की तीव्र मध्यमाची तेजस्विता मिळते आणि घरही तेच राहते. तानपुरा हेच काम करतो.

दोन आठवडे रोज एक करा : दुसऱ्या कोणाच्या कवितेची दोनच कडवी घ्या, पेटीशिवाय चालता चालता म्हणा, टाळीने सम शोधा, सुरांशिवाय शब्दांच्या मात्रा वहीत मांडा आणि मगच पेटीला हात लावा. अभंग घेतलात तर मात्रांऐवजी अक्षरे मोजावी लागतील. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरांची घडण असते आणि तिथे लघु-गुरूचे बंधन नसते, म्हणून भजनी ठेक्यात कोणतेही अक्षर हवे तितके ताणता येते. त्याउलट भुजंगप्रयातातील प्रत्येक गण लघु-गुरु-गुरु असा पाच मात्रांचा असतो, आणि त्याला आठ मात्रांत कोंबले की वृत्ताची चाल लंगडते. वृत्त ओळखता येणे ही चालकाराची निम्मी तयारी आहे. कवितेच्या वर्गात शिकलेले हे गण प्रत्यक्षात गाण्याच्या वर्गात अधिक उपयोगी पडतात.

प्रश्न (एक वाचिका, चिपळूण) : माझे पेटीचे गुरुजी म्हणतात की रागदारीवर आधारलेल्या गाण्याला कॉर्ड लावली की राग मरतो. माझा मुलगा कीबोर्ड शिकतो आणि त्याचे म्हणणे असे की कॉर्डशिवाय आजचे गाणे रिकामे वाटते. दोघांपैकी कोणाचे ऐकावे?

उत्तर : गुरुजींच्या म्हणण्यातील भीती खरी आहे आणि तिची कारणे नेमकी सांगता येतात. ती कारणे एकदा समजली की मुलगाही ती आनंदाने पाळेल.

पहिले कारण सुरांच्या जागांचे. पेटी आणि कीबोर्ड या दोन्हींवर सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. सप्तक १२०० सेंटचे धरले तर त्यांच्यावरचा शुद्ध गांधार ४०० सेंटवर येतो, तर तानपुऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणारा गांधार सुमारे ३८६ सेंटवर असतो. हा १४ सेंटचा फरक एकट्या सुरात फारसा जाणवत नाही, पण तीन-चार सूर एकत्र लांब धरले आणि त्यांच्यावर गायक तानपुऱ्याचा गांधार लावत असला की कुरबुर सुरू होते. आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी होती, आणि तिच्यामागे जी मते होती त्यांत हेही एक होते. म्हणून रागाच्या गाण्यात कॉर्ड लांब धरण्याऐवजी तुटक वाजवाव्यात, किंवा एकेक सूर वेगळा करून हळुवार छेडावा. गांधार गायकावर सोपवून कीबोर्डवर केवळ सा आणि प धरणे हाही चांगला मार्ग आहे, कारण पंचमाच्या बाबतीत फरक जेमतेम दोन सेंटचा राहतो.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे वाटते. राग म्हणजे कोणते सूर घ्यायचे यापेक्षा कोणते सोडायचे याची शिस्त, आणि कीबोर्डवरची तयार कॉर्ड सोडलेले सूर मागच्या दाराने परत आणते. मालकंस घ्या. त्यात सा, कोमल गांधार, शुद्ध मध्यम, कोमल धैवत आणि कोमल निषाद हे पाच सूर आहेत, पंचम वर्ज्य आहे. पाश्चात्त्य पद्धतीत घरची कॉर्ड म्हणजे सा, गांधार आणि पंचम. म्हणजेच मालकंसात घरची कॉर्ड मुळात अस्तित्वातच नाही. मी विशीत असताना मालकंसातील एका बंदिशीच्या साथीला सवयीने सा, कोमल गांधार आणि पंचम दाबून धरले होते. गायकाने गाणे थांबवले नाही, पण पुढच्या आलापात तो मध्यमावर कितीतरी वेळ थांबून राहिला, जणू माझा पंचम पुसून काढत होता. ती जागा मी आजही विसरलो नाही. मालकंसात तानपुऱ्याची पहिली तार मध्यमाला मिळवतात, याचा अर्थ मला त्या दिवशी समजला. त्या पाच सुरांत तीन सुरांच्या दोनच सरळ कॉर्ड सापडतात : म, कोमल ध, सा ही एक आणि कोमल ध, सा, कोमल ग ही दुसरी. दुसरी जास्त वापरली तर कोमल धैवतच घर वाटू लागतो. तेव्हा सा-म ही जोडी धरून पहिली अधूनमधून आणावी. एवढ्यावर संपूर्ण गाणे उभे राहते.

भूप रागातही हाच प्रयोग मुलाला स्वतः करू द्या. सा, रे, ग, प, ध एवढेच सूर दिले असता तीन सुरांच्या किती कॉर्ड जमतात ते त्याने शोधावे. सा-ग-प आणि ध-सा-ग या दोनच जमतात. त्याच्या आवडत्या म-ध-सा आणि प-नि-रे दोन्ही बाद होतात, कारण मध्यम आणि निषाद भूपात नाहीत. पण सा-प, रे-ध, प-रे आणि ध-ग या चार पंचमाच्या जोड्या मात्र मोकळ्या आहेत, आणि त्यांतून भूपाला शोभणारा विस्तीर्ण, रिकामा अवकाश तयार होतो. गाणे ‘रिकामे’ वाटण्याची त्याला जी भीती आहे, ती हे ऐकल्यावर जाईल असे वाटते. ज्यांना आपण थाट (रागांचे सात सुरांचे मूळ साचे) म्हणतो त्यांतील बिलावल, काफी, खमाज, आसावरी यांवर आधारलेल्या सुगम गाण्यांत कॉर्डना पुष्कळ वाव आहे. मारवा, तोडी, श्री अशा रागांत मात्र मी स्वतः कॉर्ड लावत नाही आणि कोणाला लावण्याचा सल्लाही देत नाही. तिथे खर्जाचा सा पुरेसा आहे.

प्रश्न (एक वाचिका, टोरांटो) : आमच्या मराठी शाळेतील मुलांचे समूहगान बसवायचे आहे. आठ ते बारा वयाची पंधरा मुले आहेत. चाल मी भूपाच्या अंगाने स्वतः बांधली आहे. इथल्या शाळांत मुले दोन आवाजांत गातात, म्हणून आपल्या गाण्यातही दुसरा आवाज घालावा अशी त्यांचीच मागणी आहे. दुसरा आवाज कसा लिहायचा?

उत्तर : मुलांनीच मागणी केली हे वाचून फार बरे वाटले. दोन आवाजांत गाणे ही आपल्या कोकणपट्टीला परकी गोष्ट नाही. गोव्याचा मांडो हा गीतप्रकार दोन आवाजांतच गातात, वरचा आवाज चाल गातो आणि खालचा बहुतेक वेळा तिसऱ्या किंवा सहाव्या सुराच्या अंतराने त्याच्यासोबत चालतो. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत असत. त्याच परंपरेतून आलेल्या सेबॅस्टियन डिसोझा आणि माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या संयोजकांनी मुंबईत हिंदी चित्रपटगीतांच्या चालींखाली व्हायोलिनांचे ताफे आणि दुसरे-तिसरे आवाज लिहिले.

दुसरा आवाज लिहिण्याआधी मुलांना तीच चाल दोन गटांत, एका आवर्तनाच्या अंतराने, मागे-पुढे गायला लावा. भूपात दोन लगतच्या सुरांमध्ये अर्ध्या सुराचे अंतर कुठेच नाही, त्यामुळे सूर एकमेकांवर आले तरी कर्कश टक्कर होत नाही, आणि मुलांना शेजारचा वेगळे गात असताना आपला सूर धरून ठेवण्याची सवय लागते. हा सराव झाल्याशिवाय पुढचे काही जमत नाही. सगळी मुले दोन मिनिटांत जोरात गाणाऱ्याच्या सुरावर जातात.

त्यानंतर तिसऱ्या सुराचे अंतर. समजा चालीतील एक तुकडा प, ध, प, ग असा आहे. खालचा आवाज मधला एक सूर सोडून सप्तकातच खाली मोजायचा : पंचमाखाली गांधार, धैवताखाली मध्यम, गांधाराखाली षड्ज. इथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. कीबोर्डवर पट्ट्या मोजून प्रत्येक वेळी चार पट्ट्यांचे ठरावीक अंतर ठेवू नका. पंचमाखाली शुद्ध गांधार तीन पट्ट्यांवर असतो, धैवताखाली मध्यम चार पट्ट्यांवर. ठरावीक चार मोजल्यास पंचमाखाली कोमल गांधार येईल आणि मुले गोंधळतील. अंतर सप्तकाच्या सुरांनी मोजायचे, पट्ट्यांनी नव्हे. दुसरे असे की धैवताखाली आलेला मध्यम भूपात नाही. तो टाळायचा असेल तर खालच्या आवाजाने त्या जागी गांधारच धरून ठेवावा, म्हणजे धैवत-गांधार अशी मोकळी जोडी मिळते आणि खालच्या गटाला शिकणेही सोपे जाते. खालच्या आवाजाने प्रत्येक वेळी हललेच पाहिजे असे नाही. स्थिर सूर हीसुद्धा उत्तम दुसरी चाल आहे.

शेवटाकडे मात्र विशेष लक्ष द्या. चाल सा वर संपते आणि खालचा आवाज सवयीने धैवतावर जातो, आणि आनंदाचे गाणे अचानक उदास होऊन अर्धवट थांबते, कारण ध-सा मध्ये कानाला घर धैवतावर असल्याचा भास होतो. चाल रे वरून सा वर उतरत असताना खालच्या गटाला मंद्र निषादावरून सा वर चढू द्या. दोघे समोरासमोरून येऊन एकाच सुरावर भेटतात. भूपात निषाद नको असेल तर मंद्र धैवतावरून सा वर चढले तरी चालेल, पण निषादाची ओढ त्यात नसेल. या एका जागी मी निषाद घेतला असता. व्हिएन्नातील योहान योसेफ फुक्स यांनी १७२५ साली दोन आवाजांच्या लेखनाचे जे पाठ्यपुस्तक लिहिले, ज्याचा अभ्यास पुढे संगीतकार हायडनने स्वतः बसून केला, त्यातही दोन आवाज विरुद्ध दिशांनी येऊन मिळावेत असाच शेवट शिकवला आहे. त्याच पुस्तकात दोन्ही आवाजांनी सा-प वरून रे-ध वर एकत्र सरकण्यास मनाई आहे. कारण असे की पंचमाच्या अंतरात दोन सूर इतके एकजीव होतात की दोन माणसे गात आहेत हेच कळेनासे होते. मुलांचा दुसरा गट एवढी मेहनत घेणार असेल, तर तो ऐकू आला पाहिजे.

पट्टी पांढरी चार ठेवा, म्हणजे सप्तकातील चौथ्या पांढऱ्या पट्टीचा सूर सा धरा. खालच्या आवाजाचा मंद्र धैवत मधल्या सप्तकाच्या पांढरी दोनवर येतो आणि वरच्या आवाजाचा धैवत वरच्या पांढरी दोनवर. या वयाच्या मुलांना एवढा पल्ला ओरडल्याशिवाय गाता येतो. काळी चार किंवा पाचची सवय असलेल्या शिक्षिका स्वतःच्या पट्टीत शिकवतात आणि मुलांचे गळे ताणले जातात, म्हणून हे मुद्दाम लिहिले. खालच्या आवाजासाठी गळा जाड असलेली मुले निवडू नका, सुराला पक्की असलेली मुले निवडा. त्यांना चाल गायला मिळत नाही याचे वाईट वाटते, तेव्हा दुसऱ्या कडव्यात गटांची अदलाबदल करा.

प्रश्न (एक विद्यार्थी, नाशिक) : चाल लिहून ठेवण्यासाठी भातखंडे पद्धत शिकू की पाश्चात्त्य पाच रेषांची?

उत्तर : दोन्ही, पण एकदम नव्हे. एकट्या चालीसाठी भातखंडे पद्धत सर्वांत जलद आहे : कोमल सुराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी खाली बिंदू, तार सप्तकासाठी वर बिंदू आणि खाली तालाचे विभाग. शब्द सुरांच्या खाली बसतात, त्यामुळे अक्षराला किती मात्रा दिल्या हे एका नजरेत दिसते. दुसरा आवाज किंवा कॉर्ड लिहू लागलात की मात्र पाच रेषा लागतील, कारण एकाच क्षणी वाजणारे सूर त्या पद्धतीत एकाखाली एक उभे दिसतात आणि दोन आवाज कुठे जवळ येतात, कुठे दूर जातात, हे डोळ्यांना कळते. फोनवर चाल रेकॉर्ड करून ठेवणे हा पर्याय नाही, ती केवळ आठवण आहे. रेकॉर्ड केलेली चाल लिहायला बसल्यावरच तिच्यातील कोणता सूर तुम्ही ठरवून घेतला होता आणि कोणता गळ्याच्या सवयीने आला होता, हे समजते. सुरुवात आजच करायची असेल, तर वरच्या सांगलीच्या पत्रातील दोन ओळी मात्रांनुसार वहीत मांडा, मी सुचवलेले सूर त्यांच्यावर लिहा, आणि जिथे तुमच्या गळ्याला दुसरा सूर सुचेल तिथे माझा खोडून तो लिहा.